सातच्या जागी

फिनलंडची एक मुलगी आपल्या घरी राहायला येणार, हे कळल्यावर अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "ती भाकरी खाईल का?" अम्मी म्हणाली, "भूक लागली की खाईल." एवढ्यावर आमच्या घरात ती गोष्ट ठरली.

मी तेव्हा नेवाशाच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय इंग्रजी. ऊसतोडीसाठी आलेल्या मजुरांच्या मुलांना हंगामापुरतं शिकवणारी एक संस्था कारखान्याजवळ शाळा चालवायची, तिथं मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. परदेशी कॉलेजातली एक विद्यार्थिनी काही महिने पोरांना शिकवायला येणार होती. आपल्या खर्चानं, आपल्या मर्जीनं. तिच्यासाठी घरगुती सोय हवी होती. आमचं खाली ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वेल्डिंगचं दुकान आणि वर घर, त्यावर गच्चीला लागून एक खोली. संस्थेच्या सरांनी ती खोली पाहिली, खिडकीला जाळी आहे का तेवढं बघितलं आणि निघून गेले.

ती आली ती दिवाळी उलटून गेल्यावर. उंच, शांत, केस उसाच्या वाळलेल्या पाचटाच्या रंगाचे. इंग्रजी आम्हा दोघींनाही परकंच होतं, त्यामुळे आम्ही सावकाश बोलायचो आणि एकमेकींना नीट कळायचो. पहिल्या संध्याकाळी तिनं गच्चीवरून बघत मला विचारलं, "नदी कोणत्या बाजूला आहे?" मी प्रवरेची दिशा दाखवली. ती बराच वेळ तिकडं बघत उभी राहिली. नवीन ठिकाणी आलेलं माणूस सगळंच बघतं, तसं असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवरून आम्ही शाळेत गेलो. शाळा म्हणजे पत्र्याचं एक शेड. एका बाजूला मजुरांचा तळ, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या ओळीनं उभ्या केलेल्या. आणखी दोन बाजूंना उभा ऊस. दिवसभर तळावर मोठं माणूस दिसायचं नाही. बाया-माणसं उजाडायच्या आधीच उसाच्या फडात गेलेली असायची. मागं उरायची पोरं, कुत्री आणि तान्ह्या लेकरांना सांभाळणारी एक म्हातारी. वारा नसला तरी उसाची पानं एकमेकांवर घासत राहायची आणि त्या आवाजाची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सगळ्या हवेत भरलेला असायचा.

आम्ही गाडीवरून उतरलो तेव्हा ती म्हातारी कोपीच्या दाराशी झोळी हलवत बसली होती. तिनं माझ्यामागून येणाऱ्या पाहुणीकडं बघितलं आणि झोळीचा हात थांबवला.

"आली व्हय परत?" ती म्हणाली. "लई दिसांनी आली."

"आजी, ह्या पहिल्यांदाच आल्यात," मी म्हणाले.

म्हातारी हसली आणि पुन्हा झोळी हलवायला लागली. पाहुणीनं विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी सांगितलं, "या म्हणाल्या." म्हातारीची नजर गेली असेल, किंवा पूर्वी कधी दुसरे कुणी गोरे पाहुणे येऊन गेले असतील, असं मी धरून चालले.

पण पोरांचं वागणंही चमत्कारिक होतं. नवीन माणूस, तेही गोरं, म्हणजे खरं तर पोरांनी तिला गराडा घालायला हवा, केसांना हात लावायला हवा. तसं काहीच झालं नाही. पोरं शांतपणे तिच्याकडं बघत राहिली, ज्याची वाट बघत होतो ते माणूस आल्यावर बघतात तशी. मग साताठ वर्षांची एक मुलगी पुढं आली. तेल नसल्यानं तांबूस झालेल्या दोन वेण्या, अंगात भावाचा शर्ट. तिनं पाहुणीचं बोट धरलं, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत नेलं आणि एका ठिकाणी उभं केलं. बाकीची पोरं आपोआप दोन्ही बाजूंना गोल करून उभी राहिली.

"आता राज्य काढायचं," ती मुलगी मला म्हणाली. "बाईंना सांगा, हितनं हलू नगा."

मग ती गोलात फिरत एकेकाच्या छातीवर बोट ठेवून म्हणायला लागली, "उक्शी, काक्शी, कोलमे, नेल्या, विशी, कुशी…"

पुढचा नंबर पाहुणीचा होता. मुलीचं बोट तिच्यावर आलं आणि तोंड मिटलं. सगळी पोरं गप्प झाली. बोट तिच्यासमोर हवेत थोडा वेळ थांबलं, मग पुढच्या पोरावर गेलं. "काडेकसा, उडेकसा, कुंबेनेन!" कुंबेनेन ज्याच्यावर आलं तो ओरडत सुटला.

मी हसत होते. पोरांची अडम-तडमची असली निरर्थक गाणी मी लहानपणापासून ऐकलेली. मी पाहुणीकडं वळले तर तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. ती त्याच जागेवर खाली बसली. मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याची बाटली दिली, ती तिनं घेतली नाही.

"पुन्हा म्हणायला सांग," ती म्हणाली.

मुलीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा त्याच ठिकाणी सगळे गप्प झाले आणि पुन्हा ते बोट तिच्यासमोर थांबलं.

त्या दिवशी तिनं शिकवलं ते कसंबसं. परत येताना मला म्हणाली, "कुठंतरी गाडी थांबव." कारखान्याच्या रस्त्यावर चहाची टपरी होती, तिथं बाकड्यावर आम्ही बसलो. उसानं भरलेले ट्रॅक्टर समोरून जात होते आणि प्रत्येक वेळी तिला बोलणं थांबवावं लागत होतं.

"ते गाणं नाही," ती म्हणाली. "ते आमच्या भाषेतले आकडे आहेत. एकपासून दहापर्यंत. थोडे झिजलेत, पण तेच आहेत."

"मग कुणीतरी शिकवलं असेल."

"हो. माझ्या बहिणीनं."

मग तिनं सांगितलं. तिच्यापेक्षा खूप मोठी एक बहीण होती. कॉलेजात असताना तीही अशीच इकडं आली होती, ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांना शिकवायला. घरात त्या प्रवासातलं 'नेवासा' हे एक नाव आणि नदीजवळची कुठलीशी शाळा, एवढंच उरलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर बहीण घरी परतली आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वारली. ही तेव्हा लहान होती. मोठी झाल्यावर हिनं हीच संस्था, हेच गाव शोधून काढलं. इथं मात्र कुणाला काही सांगितलं नव्हतं. "सांगितलं असतं तर लोकांनी मला सांभाळून घेतलं असतं," ती म्हणाली. "मला तसं नको होतं."

"पण तुला धक्का बसला तो आकडे ऐकून?"

तिनं मान हलवली. "आकड्यांनी नाही. त्यात सात नाही. लहानपणी मला सात म्हणता यायचं नाही. आमच्या भाषेत तो शब्द अवघड आहे. मी सहावरून गप्प व्हायचे आणि आठ म्हणायचे. बहीण मला चिडवण्यासाठी तशीच मोजायची. सहा, मग गप्प, मग आठ. जगात फक्त आम्ही दोघीच असं मोजायचो."

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. तो आम्ही दोघींनी तसाच निवू दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्या वेणीवाल्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, हे मोजणं तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, "आईनं." आणि मधेच गप्प का होता? तर म्हणाली, "तिथं ती असती ना." कोण ती? मुलगी माझ्याकडं असं बघायला लागली की जणू मला साधी गोष्टही कळत नाही. "मला काय म्हाईत? आईला म्हाईत."

आई फडात होती. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बांधाबांधानं तिकडं गेलो. दुपार कलली होती. अर्धा ऊस तुटून आडवा पडलेला, अर्धा अजून उभा. कोयत्यांचे आवाज वेगवेगळ्या बाजूंनी यायचे, पण उसाच्या भिंतीमुळे माणसं दिसायची नाहीत. मुलीची आई पाथर्डीच्या डोंगरातल्या गावची. मोळी बांधून नुकतीच टेकली होती. वय पंचविशीचं असेल, पण चेहऱ्यावर राप चढलेला. आम्हाला बघून ती उठली. पाहुणीकडं तिनं एकटक बघितलं आणि हातातला कोयता हळूच खाली ठेवला.

"तीच हाय का ही?" तिनं मला विचारलं.

"नाही ताई. ही तिची धाकटी बहीण."

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग पाहुणीजवळ जाऊन आपला तळहात जमिनीपासून थोडा वर धरला, लेकराची उंची दाखवतात तसा. "एवढी हुती. ती अशी दाखवायची आमाला. म्हनायची, बहीन, बहीन. आमी मोजायला लागलो की कुशीनंतर तोंडावर बोट ठिवायची आन् रिकामी जागा दाखवायची. म्हंजी तिथं तिची बहीन. ती हितं न्हाई, म्हनून जागा सोडायची. आमी सोडली. आमच्या पोरींनी बी सोडली. तुमचीच जागा हाय ती."

मी शब्द न् शब्द भाषांतर करून सांगितला. पाहुणी ऐकत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. इतकी वर्षं वेगवेगळ्या कारखान्यांच्या तळांवर, तिला कधीही न पाहिलेली पोरं तिच्यासाठी एक जागा मोकळी ठेवत आली होती. मलाही भरून आलं होतं. हा सगळा प्रसंग इथंच संपला असता तर मी आज तो आनंदानं सांगितला असता.

पण बाईनं पदरानं घाम पुसला आणि थोडं संकोचून म्हणाली, "ताई, एक इचारा ना त्यांना. तिला आमचा राग आला हुता का?"

"कशाचा राग?"

"म्हंजी पुढल्या साली ती आली हुती तवा बोलली न्हाई. संक्रांतीच्या आधी. मी आईला पानी घिऊन चालल्ती, तर तिकडं फडाच्या कडंला उभी. भर उनात. मी हाक मारली. नुसती बघत हुती. केस वल्ले हुते, अंगाला चिकाटल्याले. येवढं ऊन, पर वाळंनात. मी आईला सांगाया गेले, परत आले तर न्हाई."

मी तिनं दाखवलेल्या फडाच्या कडेकडं बघितलं. 

"काय म्हणाली ती?" पाहुणीनं विचारलं.

मला टाळता आलं असतं. पण दुभाष्याच्या कामात एक गोष्ट अशी होते की समोरच्याचा आवाज तुमच्या तोंडातून आपोआप बाहेर येतो. मी सांगायला सुरुवात केली आणि मग थांबता आलं नाही. संक्रांत म्हणजे जानेवारी, हेही सांगितलं. ओल्या केसांपर्यंत आले तेव्हा ती मागं सरकली आणि बांधलेल्या मोळीवर बसली. बहीण कशानं गेली हे तिनं मला सांगितलं नव्हतं. इथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

उभ्या उसात कुठंतरी कोयता चालत होता. तो थांबला. पाहुणीनं तिकडं बघितलं. मग मला म्हणाली, "तिला सांग, राग नव्हता. तिला बोलता येत नव्हतं."

मी तसंच सांगितलं.

"घसा बसला हुता व्हय," बाई म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "व्हय, थंडीच तसली हुती त्या साली. आन् मी येवढी वर्सं उगाच मनाला लावून बसले."

परतताना पाहुणीनं माझ्या खांद्यावर हात घट्ट रोवून ठेवला होता. नदीच्या पुलावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "तळ्यावरचा बर्फ पातळ होता. डिसेंबर होता." मला आरशात तिचा चेहरा बघायचा नव्हता. मी समोर बघून गाडी चालवत राहिले.

घरी आल्यावर मी अम्मीला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल की बायका काहीही बोलतात. तिनं तसं काही म्हटलं नाही. पेल्यात पाणी घेतलं, ओठातल्या ओठात काहीतरी पढून त्यावर फुंकर मारली आणि पाहुणीला प्यायला लावलं. उरलेलं मला. "माया लावलेल्या लेकरांना बघायला कुणी आलं तर त्यात भ्यायचं काय?" अम्मी म्हणाली. पण बोलता बोलता तिनं नदीकडची खिडकी लावून घेतली आणि त्या रात्री पाहुणीचं अंथरूण खाली, स्वतःच्या शेजारी घातलं.  सकाळी अब्बांनी गच्चीच्या दाराला नवी कडी जोडली.

मला वाटलं ती आता परत जाईल. ती गेली नाही. हंगाम संपेपर्यंत राहिली आणि शिकवलंही मनापासून. पोरं बेरजा-वजाबाक्या करायला लागली, मराठीतली छोटी वाक्यं वाचायला लागली. फळ्यावर ती चित्र काढायची, मी शब्द लिहायचे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मात्र ती उठून उसाच्या कडेला जाऊन उभी राहायची. पाठमोरी, हात खाली सोडून. मी शेडमधून बघायचे. तिला हाक मारावी असं वाटायचं, पण हाकेला तिच्याऐवजी दुसऱ्याच कुणी वळून बघितलं तर, हा विचार मनात यायचा आणि मी फळा पुसायला लागायचे. मला तिथं कधी काही दिसलं नाही. कुत्री मात्र त्या बाजूला जायची नाहीत. त्यांना कुणी तिकडं मारलं असेल, तेही होऊ शकतं.

एकदा तिनं ठरवलं की पोरांना त्यांच्या मोजण्यातला राहिलेला आकडा शिकवायचा. "आता मला म्हणता येतो," ती हसून म्हणाली. पोरांनी तो अवघड शब्द घोकला, आपापल्या पद्धतीनं वाकवला, आणि वर्गात सगळे आकडे न चुकता म्हणून दाखवले. मग खेळायला बाहेर गेली. गोल झाला. पाहुणीला तिच्या ठरलेल्या जागी उभं केलं. वेणीवालीनं मोजायला सुरुवात केली. विशी, कुशी, आणि पुन्हा तसंच. बोट थांबलं, तोंडं मिटली.

"अगं, आता शिकवला ना बाईंनी?" मी म्हणाले. "म्हण की."

"वर्गात म्हनू," ती म्हणाली. "खेळात न्हाई."

"खेळात का नाही?"

तिनं पाहुणीकडं बघितलं. मग पाहुणीच्या थोडं डावीकडं बघितलं. बाकीच्या पोरांच्या नजराही तिथं गेल्या.

"तिथं आता दोगी असत्यात," ती म्हणाली आणि पुढं मोजायला लागली.

हे मी पाहुणीला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिला मराठी किती कळायला लागलं होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. मजूर कोप्या मोडून, भांडी-कुंडी, कोंबड्या, लेकरं सगळं ट्रॉल्यांत भरून गावाकडं निघाले. जायच्या आधी पाहुणीनं वेणीवालीच्या आईला माझ्यामार्फत विचारलं, पुढच्या हंगामात मुलीला गावातच ठेवलं तर? आई-बाप तोडीला गेले की मागं राहणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या गावच्या शाळेत जेवणाखाण्याची सोय होते, हे सरांनी आम्हाला सांगितलं होतं. बाई म्हणाली, "सासूला इचारावं लागंल." पाहुणी म्हणाली, मी विचारायला येते.

आम्ही खरोखरच गेलो. एसटीनं पाथर्डीपर्यंत आणि पुढं जीपनं. सासू कडक होती. नातीला मागं ठेवलं तर तिकडं पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, असं बरंच बोलली. पाहुणी खाली जमिनीवर बसून सगळं ऐकत राहिली. शेवटी सासूनं मला विचारलं, "ही येवढ्या लांबनं आमच्या पोरीसाठी का आली?" मी भाषांतर केलं. पाहुणी म्हणाली, "माझ्या बहिणीचं काम अर्धं राहिलं होतं." सासूनं नातीकडं बघितलं. मग सुनेला म्हणाली, "चहा ठिव. पोरगी राहील."

पाहुणी एप्रिलमध्ये तिच्या देशाला गेली. अधूनमधून फोन करते. आता ती तिकडंच एका शाळेत शिकवते. मी बी.एड. केलं आणि कर्जतला नोकरीला लागले.

पाहुणी गेली त्याच वर्षी दिवाळीनंतर सरांनी मला पुन्हा त्या डोंगरातल्या गावी पाठवलं होतं, मुलगी खरोखर मागं राहते का ते बघायला. मी पोचले तेव्हा टोळी निघायच्या तयारीत होती. ट्रॉलीत बाया चढत होत्या, मुकादम हाका मारत होता. वेणीवाली आजीचं बोट धरून उभी होती. अंगात शाळेचा गणवेश, तिच्याच मापाचा. तिची आई धाकट्याला काखेत घेऊन ट्रॉलीवर चढली, मग काहीतरी आठवून मला जवळ बोलावलं.

"ताई, शाळंतल्या बाईंना येवढं सांगा," ती म्हणाली. "सकाळी तिला लवकर उठवू नगा. तिकडं लई लवकर उठायची ती. हितं झोपू द्या."

मी सांगते म्हणाले. ट्रॅक्टर सुरू झाला आणि पुढं तिचं बोलणं ऐकू आलं नाही.